सूपभर कोंडा

सँडीफोर्ड, ४ फेब्रुवारी २०२५

चि. ज्ञानदा,

तीन वर्षांनी पत्र लिहिते आहे, तेव्हा आधी खुशाली विचारायला हवी. ती तुझ्या भावाकडून, अनीशकडून, मला कळत असते, म्हणून तो भाग सोडून देते.

तुझं व्याख्यान काल पाहिलं. अनीशनं संगणकावर लावून दिलं आणि तो ऑफिसला गेला. पन्नास मिनिटं, एका चिनी अक्षरावर. मी दोनदा पाहिलं, वही घेऊन. बत्तीस वर्षं मुलींच्या वह्या तपासल्या, आता हात थांबत नाही.

तू फार भराभर बोलतेस. इंग्रजीला तुझ्या त्या कॉर्क शहराचा हेल आला आहे, प्रत्येक वाक्य शेवटाला वर चढतं, जणू तुला स्वतःलाच खात्री नाही. आणि केस बांधत जा. व्यासपीठावर उभं राहून डोळ्यांवरची बट सारखी मागं सारणारी बाई कॉलेजात शिकवते असं वाटत नाही.

आता विषय. ते अक्षर मी कागदावर काढून पाहिलं, 棄. सात प्रयत्नांत बरं जमलं. उच्चार साधारण 'छी'. मराठी माणसाला हसू येईल, मलाही आलं. अर्थ टाकणं, टाकून देणं. तीन हजार वर्षांपूर्वी हाडांवर कोरलेलं त्याचं रूप तू पडद्यावर दाखवलंस. खाली दोन हात, हातांत सूप, सुपात नुकतं जन्मलेलं मूल, अंगावरचे ओले थेंबसुद्धा कोरलेले. हे तू चांगलं समजावलंस. पुढं त्याची जी सोपी रूपं झाली त्यांतलं एक आज चीनमध्ये चालतं आणि त्यात सूप गळून गेलं, फक्त मूल आणि दोन हात उरले, हेही ठीक. पण मग तू म्हणालीस की हे हात टाकणारे की घेणारे ते आता अक्षरावरून सांगता येत नाही. असली वाक्यं टाळ्यांसाठी असतात. अर्थ 'टाकणं' आहे. हात टाकणाऱ्याचेच.

आणि मग तू वाईला आलीस. आधीची मुलं दगावली असली की नव्या मुलाला सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं, कुणीतरी उचलायचं, आणि आईनं सूपभर कोंडा देऊन ते विकत घ्यायचं, म्हणजे आपलं मूल नाहीच असं समजून यम निघून जातो. तुला घरात केरू म्हणायचे तेही सांगितलंस. माणसं हसली. शेवटी तू म्हणालीस, "माझ्या आईनं मला सूपभर कोंडा देऊन परत घेतलं." माणसं हसायची थांबली.

त्या एका परिच्छेदात दोन चुका आहेत. पहिली अशी की तू म्हणालीस, शेजारीण उचलते. शेजारीण चालत नाही. घरातली, नात्यातली, ओळखीची कुणीच चालत नाही. परकी लागते. तुझ्या वेळी बोहारीण होती, जुने कपडे घेऊन भांडी देणारी. आणि मोबदला हातात पडला की तिनं त्या दारात पुन्हा यायचं नसतं, नाहीतर मुलावर तिचा हक्क राहतो. हे तू गाळलंस. अभ्यासकानं असं गाळू नये.

दुसरी चूक आज लिहीत नाही.

आई


सँडीफोर्ड, २६ फेब्रुवारी

चि. ज्ञानदा,

उत्तर आलं नाही. अपेक्षा नव्हती.

रविवारी जेवताना अनीश बोलून गेला की तुला सातवा महिना लागेल. सूनबाईनं, कौमुदीनं, त्याला टेबलाखालून पाय मारला, तो मला लागला. म्हणजे या घरात सगळ्यांना माहीत होतं. तुझी आठ वर्षांची भाची साक्षी हिलाही. तिला मी विचारलं, आत्यानं मला का नाही कळवलं? तिला मराठीतलं सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. म्हणाली, "आत्या इज ग्रँड, आजी. शी जस्ट डझन्ट लाइक यू." आणि कडधान्याची उसळ पुन्हा वाढून मागितली.

तीन वर्षांपूर्वी फोनवर मी काय म्हटलं ते मला शब्दशः आठवतं, म्हणून तू ते वाढवून सांगत असशील तर सांगू नकोस. तुझं दुसरंही गेलं होतं. पाचव्या महिन्यात. तू रडत होतीस. मी म्हटलं, "पस्तिशीपर्यंत पुस्तकात डोकं घालून बसलीस, आता शरीरानं नाही म्हटलं तर त्याला का दोष देतेस?" तू फोन ठेवलास.

माझे दोन मुलगे गेले, एक सतरा दिवसांचा, एक चार महिन्यांचा. तेव्हा मला कुणी इतकंही बोललं नाही. तुझ्या आजीनं दोन्ही वेळा पाळणा माळ्यावर टाकला आणि मला भाकऱ्या थापायला बसवलं. मला वाटलं होतं, स्पष्ट बोललेलं तुला चालेल.

तुझ्या अक्षराबद्दल मी इथल्या लायब्ररीतून दोन पुस्तकं आणली. एकोणीसशे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कोशकाराचं मत वाचलं. (एकोणीसशे. दोन हजार खोडते आहे.) त्या अक्षरात मूल डोकं खाली करून काढलेलं असतं. तो म्हणतो, उलटं मूल म्हणजे उलटं वागणारं मूल, म्हणून ते टाकलं. तू व्याख्यानात त्याला हसलीस. म्हणालीस, मूल जन्मतं तेव्हा डोकं खालीच असतं, दोष मुलाच्या माथी मारायची त्याला घाई झाली होती.

मला तो कोशकार पटला. कुणी काही टाकतं तेव्हा कारण शोधावं लागतं, आणि मूल बोलत नाही, म्हणून ते सोयीचं पडतं. तो दुष्ट नव्हता. त्याला उत्तर हवं होतं.

लोहाच्या गोळ्या वेळेवर घे.

आई


सँडीफोर्ड, १६ मार्च

चि. ज्ञानदा,

पत्र मिळालं. अक्षर पूर्वीसारखंच, उजवीकडे कललेलं. अनीशला वाचून दाखवलं तेव्हा त्याचे डोळे भरले. तुम्ही दोघंही वडिलांवर गेलात.

तू लिहितेस: "आई, मे महिन्याची तारीख दिली आहे. दोन गेल्यावरचं हे तिसरं, तुझ्यासारखंच. मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवत नाही, ठेवत असते तर त्यांवर लेख लिहिले नसते. तरी सूप हवं असं वाटतं. तू ये. तू मला घेतलंस तसं कसं घ्यायचं, ते मला दाखव."

तुझ्या या पत्रावर मी 'येते' एवढंच लिहून बॅग भरायला हवी. तीन दिवस तसंच ठरवलं होतं. वाईहून सूप मागवायचं कसं याची चौकशीही केली. पण तू 'तसं' दाखव म्हणतेस, आणि तसं मला दाखवता येणार नाही. दुसरी चूक हीच.

तुझा जन्म मंगळवारचा. सहाव्या दिवशी सकाळी आजीनं तुला सुपात घातलं आणि मागच्या दारच्या उकिरड्याशी ठेवलं. बोहारीण ठरवून ठेवली होती. तिनं तुला उचललं आणि पुढच्या दारात आली. माझ्या हातात कोंड्याचं भांडं दिलं होतं. ती ओट्यावर टेकली आणि हाक मारली, "अहो बाई, पोर सापडलंय. घेता का?"

मी म्हटलं, "नको."

तिला वाटलं, मी घासाघीस करते. हसून म्हणाली, "घ्या की. नाकी डोळी नीटस आहे. एवढ्या स्वस्तात पातेलंसुद्धा येत नाही." मी भांडं खाली ठेवलं आणि आत जाऊन झोपले.

आजीला तुला घेता येईना. आईनंच घ्यायचं, दुसऱ्यानं घेतलं तर मूल जगत नाही, ही तिची ठाम समजूत. दुपार झाली, तू रडायला लागलीस. बोहारणीला स्वतःचं अंगावरचं मूल होतं. तिनं तुला पाजलं आणि संध्याकाळी नदीपलीकडं आपल्या झोपडीत घेऊन गेली. दुसऱ्या सकाळी पुन्हा दारात. "घेता का, बाई?" मी आतून ऐकलं. तिसऱ्या सकाळी, चौथ्या सकाळी. तिनं त्या दिवसांत भांडी विकली नसणार. गल्लीतल्या बायका खिडक्यांतून बघत. सातव्या सकाळपासून तिनं 'बाई' म्हणायचं सोडलं. फक्त विचारायची, "घेता का?"

नवव्या सकाळी तुझे वडील कोयनेच्या कामावरून आले. त्यांना दारातच सगळं कळलं. त्यांनी खाली ठेवलेलं तेच भांडं उचललं, बोहारणीच्या पदरात कोंडा ओतला आणि तुला आत आणलं. माझ्याशी ते पंधरा दिवस बोलले नाहीत. नंतर एवढंच म्हणाले, "पोरीला सांगायचं की तू घेतलीस." मरेपर्यंत त्यांनी तेच सांगितलं. तू व्याख्यानात जे म्हणालीस ते त्यांचं वाक्य आहे, शब्दसुद्धा त्यांचेच.

का, असं विचारशील. दोन पुरून झाले होते, तिसऱ्याला हात लावायची माझी तयारी नव्हती. आणि तू मुलगी होतीस. दोन्ही कारणं खरी आहेत. कोणतं आधीचं ते मी स्वतःलाही विचारलेलं नाही, तेव्हा तूही विचारू नकोस.

एम. ए. झालेली बाई होते मी. रीत खुळचट आहे असं मी तेव्हा म्हणत होते. पण रीत खुळचट म्हणून मी नको म्हटलं नाही. तो आडोसा मला घेता आला असता, मी घेत नाही.

यायचं की नाही ते तू कळव.

आई


सँडीफोर्ड, ११ एप्रिल

चि. ज्ञानदा,

सव्वीस दिवस झाले.

अनीशला आपल्या जावयाकडून, उपेंद्रकडून, कळलं की मी काय लिहिलं. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आई, गप्प बसली असतीस तर काय गेलं असतं तुझं?" मी म्हटलं, तिच्या लेखात चुकीची गोष्ट छापून येणार होती. तो म्हणाला, "आठवा महिना आहे तिला, आई." मग बूट घालून बाहेर गेला, पावसात, छत्री न घेता. कौमुदी माझ्याशी भाजी आणि औषधं एवढ्यापुरतं बोलते. सून म्हणून तिला तेवढं पुष्कळ झालं असेल.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे. गप्प बसले असते तर मी मेमध्ये तुझ्या घरात उभी राहून तुला दाखवत असते की आई कशी पुढं होते, कशी हात पसरते. एकोणचाळीस वर्षं मी दुसऱ्याच्या कामाची शाबासकी घेतली. तुझ्या दहावीला, तुझ्या लग्नात तू मला नमस्कार केलास तेव्हा ती प्रत्येक वेळी टोचली. तुझ्या बाळापुढं पुन्हा तेच करायचं मला जमलं नसतं. तुला त्रास होईल हे मला कळत होतं. तरी लिहिलं. हे क्रूर आहे असं कौमुदी म्हणते. असेल.

तू व्याख्यानात ज्या चिनी राजवंशाच्या मूळपुरुषाची गोष्ट सांगितलीस, ज्याचं नावच हे अक्षर होतं, ती मी पुन्हा वाचली. आईला मूल अशुभ वाटलं. तिनं त्याला गल्लीत टाकलं, गुरं त्याला चुकवून गेली. ती त्याला रानात टाकायला गेली, तर तिथं माणसं होती. बर्फावर टाकलं, पक्ष्यांनी पंख पसरून झाकलं. मग तिनं ते परत घेतलं, वाढवलं, आणि त्याचं नाव ठेवलं 'टाकलेला'. तू म्हणालीस, हे नाव म्हणजे कबुली आहे, आई ती रोज हाक मारून देत होती.

त्या बाईनं तीनदा टाकलं. मी एकदाच टाकलं, पण घ्यायला नऊ वेळा नकार दिला. आणि तिनं शेवटी स्वतः घेतलं, म्हणून तिची गोष्ट राहिली. तुला केरू हे नाव आजीनं ठेवलं. मी त्या नावानं तुला कधीच हाक मारली नाही, आठवून बघ. तुला वाटायचं, मला ते गावठी वाटतं.

सूप आलं आहे. पुण्याहून येणाऱ्या एका मुलानं बॅगेत तिरकं घालून आणलं, एक कड मुडपली आहे. कोंडा इथं दुकानात मिळतो, पुडक्यात, आरोग्यासाठी म्हणून विकतात.

आई


सँडीफोर्ड, ८ जून

चि. ज्ञानदा,

कालचं सगळं लिहून ठेवते. तू तिथं होतीस, पण तुला दारातून जेवढं दिसलं तेवढंच दिसलं.

मुलगी झाल्याचं अनीशनं सांगितलं त्याला तीन आठवडे होऊन गेले होते. मंगळवारी उपेंद्रचा निरोप आला. शनिवारी अकराला यावं, सूप घेऊन यावं, उचलणारी म्हणून आपण यावं. अनीशनं मला मिठी मारली. "बघ, तिनं बोलावलं. विसरली सगळं." त्याला रीत माहीत नाही. मी त्याला सांगितलं नाही.

उचलणारी परकी लागते, आणि ती पुन्हा त्या दारात येत नाही. हे दोन्ही नियम चार फेब्रुवारीला मीच तुला लिहून पाठवले, तू गाळलेस म्हणून चूक काढून. तू आता काही गाळलेलं नाहीस.

नाही म्हणता आलं असतं. मला नको म्हणता येतं, हे तुला माहीत आहे.

आधी लुआस, म्हणजे इथली ट्रॅम, मग ह्यूस्टन स्टेशनहून कॉर्कची रेल्वे. समोरच्या बाईनं विचारलं, टोपली आहे का? मी म्हटलं, धान्य पाखडायचं. ती "लव्हली" म्हणाली. स्टेशनवर उपेंद्र घ्यायला आला. गाडीत तो फक्त हवेबद्दल बोलला. घराच्या पुढच्या दारानं न नेता बाजूच्या बोळातून मागच्या अंगणात घेऊन गेला, सूप माझ्या हातून घेतलं आणि आत गेला. उकिरडा नव्हता, म्हणून तू ब्राऊन बिन, ओल्या कचऱ्याचा डबा, धुऊन पुसून ठेवला होतास. तो बाळाला सुपात घालून बाहेर घेऊन आला, त्या बिनच्या शेजारी गवतावर ठेवलं. शेजारच्या बाई कुंपणावरून बघत होत्या. कचऱ्याच्या डब्याशी मूल ठेवलेलं बघून त्यांचा हात तोंडावर गेला, आणि उपेंद्र धावत जाऊन त्यांना काहीतरी समजावू लागला. तेवढा वेळ मी आणि ती दोघीच होतो.

ती जागी होती. मी सूप उचललं. जड नव्हतं. तुझ्या वेळी बोहारणीनं किती वजन उचललं असेल, एवढाच विचार आला. तुला सहाव्या दिवसापर्यंत मी नीट उचलून पाहिलंच नव्हतं.

मागच्या दारात तू भांडं घेऊन उभी होतीस. केस बांधले होतेस.

मी म्हटलं, "बाई, पोर सापडलंय. घेता का?"

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तू म्हणालीस, "घेते. तुम्हाला काय द्यायचं?"

"सूपभर कोंडा."

तू बाळ उचललंस, खांद्याला लावलंस आणि दुसऱ्या हातानं त्याच सुपात कोंडा ओतलास. काठोकाठ, जरा सांडलासुद्धा. ज्याला नऊ दिवस लागले होते त्या कामाला तुला नऊ सेकंदही लागले नाहीत. कसं घ्यायचं हे तुला कुणी दाखवायची गरज नव्हती.

तू म्हणालीस, "मिळालं ना पुरतं?"

मी म्हटलं, "मिळालं."

"मग या आता," तू म्हणालीस आणि दार लावलंस. आवाज न करता, बाळ दचकेल म्हणून.

बरोबर केलंस. एकही चूक नाही. बसा म्हणायचं नसतं, पाणीही विचारायचं नसतं. तिचं नाव काय ठेवलंस ते मला माहीत नाही आणि ते विचारणं उचलणारीचं काम नव्हे. मोबदला नाकारला असता तर हक्क राहिला असता. ते माझ्या मनात येऊन गेलं, सूप तुझ्यासमोर उपडं करून उभं राहावं असं. मी दोन्ही हातांनी धरून ठेवलं. ती जगली पाहिजे.

ती बोहारीण त्या दिवसानंतर आमच्या गल्लीत कधी आली नाही. पलीकडच्या आळीतून तिची हाक यायची, "भांडीऽऽ". आमच्या कोपऱ्यावर आली की गप्प व्हायची, पुढं गेली की पुन्हा ओरडायची. तुला हे सांगितलं नव्हतं. तुझ्या लेखात घालता येईल.

हे शेवटचं पत्र. उत्तर पाठवू नकोस, रीतीला धरून नाही.

अडीच तास कोंडा मांडीवर धरून आले. ओढणीनं झाकला होता तरी गाडीच्या डब्यात थोडा उडाला. सूप प्रेसमध्ये, कपाटाला इथं प्रेस म्हणतात, वरच्या फळीवर ठेवलं. आज सकाळी कौमुदीला दिसलं. कितीतरी दिवसांनी ती माझ्याशी आपणहून बोलली. म्हणाली, "आई, हे घरभर सांडेल. टाकून देऊ का?"

मी म्हटलं, "नको."

स्नेहलता